पगडीवाली मुंडी

गिरिधरशेठचं सीताबर्डीवरचं वाद्यांचं दुकान एवढंसं, पण शेठची जीभ पार फुटपाथपर्यंत पुरायची. तारांचा जोड घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही त्याच्या तावडीतून सहजी सुटत नसे. पंचफुला त्या दुपारी तारांसाठीच आली होती. खांद्याला कापडी खोळीत मेंडोलिन आणि कपाळाला आठी. ही आठी शेठवर रागावल्याची नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा म्हणाला होता, "हे वाजवणं सोड," तेव्हाची होती. पंचफुलानं वाजवणं ठेवलं आणि नवरा सोडला. आता ती माहेरी राहायची, सकाळी बायकांना शिवण शिकवायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीत पुरुषांच्या मांडीला मांडी लावून भीमगीतांना मेंडोलिनची साथ करायची. कुणी डोळे मोठे केलेच, तर तार आणखी जोरात छेडायची.

"बसा, पंचफुलाबाई," शेठ म्हणाला. "परवा इंदोऱ्याच्या प्रोग्रामले मी मागं उभा राहून ऐकलं तुम्हाले. क्या हात है! पन सच सांगू? तुमच्या मेंडोलिनची मुंडी पाहिली, अन् मन खट्टू झालं."

मुंडी म्हणजे मेंडोलिनचा अगदी वरचा भाग, जिथं तारा ताणायच्या खुंट्या बसवलेल्या असतात. नागपुरातले वाजवणारे तिला मुंडीच म्हणत, आणि सोयरीक जुळवताना खानदान विचारावं तसं आधी मुंडी पाहून वाद्याची लायकी ठरवत. पंचफुलाला या लायकी ठरवण्याचीच मुळात चीड होती. तिच्या मेंडोलिनला मुंडी म्हणून एक साधी काळपट पाटी होती. तिला ना नक्षी, ना बाक. कुणीही म्हणावं, धुणं बडवायचं धोपटणंच डकवलंय.

"वाद्य मुंडीनं वाजते काय, शेठ? तारा द्या मले."

"तारा कुठं पळून राहिल्या? आधी पाहा तं खरं." शेठनं बाही सारली आणि भिंतीवरून एकेक वाद्य उतरवायला सुरुवात केली. आता तास गेलाच, हे पंचफुलानं ओळखलं आणि स्टूल ओढलं.

पहिली निघाली ती खिडकीवाली. तिच्या मुंडीत दोन उभ्या लांब खाचा होत्या. तारा त्या खाचांमधून आत शिरायच्या आणि आतल्या आडव्या दांड्यांवर गुंडाळल्या जायच्या. ही जुनी इटालियन तऱ्हा, शेठनं सांगितलं. लाकूड कोरून काढल्यामुळं मुंडी हलकी. त्यानं एक तान छेडली. सूर चटकन बोलला आणि चटकन विझलाही. दुसरी होती जिलेबीवाली. तिच्या मुंडीचं टोक व्हायोलिनसारखं आत वळत वळत गेलेलं होतं. शेठनं तीच तान हिच्यावर छेडली. हिचा सूर जरा गोल, जरा लाडिक वाटला. तिसरी पाटीवाली, सपाट भरीव लाकडाची. तिच्या खुंट्या मागच्या अंगाला, आणि सूर सरळ, कामाला निघालेल्या माणसासारखा.

"आता बोला. जिलेबीवालीची किंमत पाटीवालीच्या तिप्पट. काहून?"

"जिलेबी महाग झाली असन."

शेठ खो खो हसला. "डोळे मिटा अन् ऐका." पंचफुलानं डोळे मिटले. शेठनं तिन्ही आळीपाळीनं वाजवल्या. डोळे उघडे असताना जो फरक डोंगराएवढा वाटत होता, तो आता मुठीत मावेल एवढा झाला. जो उरला तोही बहुतेक पोटांचा होता. एकीचं पोट भोपळ्यासारखं फुगीर, दुसरीचं चपटं. "बस," शेठ म्हणाला, "धंद्यात केस पिकले माझे, म्हणून सांगून राहिलो. आवाज पोटात राहते, बाई. मुंडी जड असली तं सूर जरा लांबते, हलकी असली तं जरा लवकर उडते, इतकंच. पन किंमत? किंमत सारी मुंडीत. घेणारा कानानं नाही घेत, डोळ्यानं घेते."

हा माणूस बोलघेवडा होता, पण खोटारडा नव्हता, एवढं पंचफुलाला मान्य करावं लागलं.

मग त्यानं तिची खोळ सोडली. पाटीवर बोट वाजवून पाहिलं, कान पोटाजवळ नेला, एकच तार छेडली आणि थांबला. सूर निघाला तो रेंगाळतच राहिला. बाहेर सायकल रिक्षावाल्यांची हुज्जत चालली होती, तिच्या खालून सूर चालतच होता. शेठनं भुवया उंचावल्या. "लाकूड जड लावलं कोनीतरी. सूर टिकते मस्त. आवाजात काही खोट नाही."

आवाजात खोट नाही. हे वाक्य घरी नेऊन कुणाच्या कानात घालायचं, ते तिला नेमकं माहीत होतं.

"पन," शेठ म्हणाला आणि कपाट उघडून त्यानं जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं, "आता हे पाहा."

चादर उघडली आणि पंचफुला स्टुलावरून उठली. आत तिच्याच मेंडोलिनची जुळी बहीण होती. तेच पोट, तीच शिंपल्याची नाजूक किनार. पोटाला वाळवी लागून भुगा झाला होता, पण मुंडी मात्र शाबूत होती. ती कोरीव होती, माणसाच्या डोक्याची. भरदार मिशा, जाड पापण्यांचे अर्धे मिटलेले डोळे, आणि वर पिळापिळाची पगडी.

"सावनेरकडच्या मालगुजाराच्या घरचं सामान विकायले निघालं होतं, त्यात भेटली. मारोतराव मालगुजार. त्यानं कलकत्त्याहून आपल्या दोन पोरांसाठी जोडी बनवून घेतली होती, अन् मुंडीवर आपल्या बापाचं डोकं कोरून घेतलं. ही एक. दुसरी तुमची. तुमची मुंडी मोडली, हिचं पोट गेलं. माझा मिस्त्री हिची मुंडी तुमच्या मेंडोलिनले अशी बसवन, की जोड दिसनार नाही. वाद्य तुमचंच राहीन. मले एक पैसा नको. फक्त तुम्ही माझ्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं. पहिल्या रांगेतली खुर्ची, महिन्याचा पगार. मुंबईले नाही अशी चीज माझ्या स्टेजवर दिसली पाहिजे, बस."

शेठचा ऑर्केस्ट्रा म्हणजे गल्लीतली पार्टी नव्हे. गणपती, लग्नं, मोठमोठ्या हॉलमधले कार्यक्रम, भंडाऱ्यापासून अमरावतीपर्यंत. त्या खुर्चीचं स्वप्न पंचफुलानं पाहिलं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. शिवणयंत्रावर पाय मारताना तिनं ती खुर्ची कितीदा पाहिली होती. आणि आता ती समोर आली होती, तर तिच्यावर हे पगडीवालं डोकं आधीच येऊन बसलं होतं.

"घरी इचारून सांगतो," ती म्हणाली. तारा घ्यायच्या राहूनच गेल्या.

घरी विचारायचं म्हणजे लहानूला, तिच्या बापाला. आणि लहानूची व त्या पगडीची जुनी ओळख होती.

लहानू तरुणपणी गावच्या जमीनदाराच्या, मारोतराव मालगुजाराच्या, वाड्यावर लाकडं फोडायचा. मालगुजाराच्या धाकट्या पोराला मेंडोलिन येईना. तो आपटून निघून गेला की लहानू हळूच ती उचलायचा आणि पोराला महिनाभर न जमलेलं गाणं वाजवून ठेवायचा. एकदा मारोतरावानं ऐकलं. खूश होऊन त्यानं ती मेंडोलिन लहानूला बक्षीस दिली, पण एक अट घातली. वाजवायला घेण्याआधी ती भिंतीशी उभी करायची, चार पावलं मागं सरायचं, आणि कोरलेल्या त्या डोक्यापुढं कमरेत वाकून म्हणायचं, "जोहार मायबाप." वाड्यावर येणाऱ्या पाहुण्यांना ही गंमत फार आवडायची. लहानू पुढं गाव सोडून नागपुरात गिरणीत लागला. तिथं त्याला वाकायला सांगणारं कोणी नव्हतं. तरी तो वाकायचा. मेंडोलिन खुंटीवरून काढायची, भिंतीशी टेकवायची, वाकायचं, मग वाजवायचं. पाठीलाच ती सवय लागली होती. त्यात आपण काही करतोय हेही त्याला कळत नसे.

मग छपन्नचा दसरा आला. सारी वस्ती पांढरे कपडे घालून दीक्षेला गेली. लहानूनं हात जोडून प्रतिज्ञा घेतल्या, त्याच्या बायकोनं, मनकर्णानं घेतल्या, दहा-अकरा वर्षांच्या पंचफुलानं बापाचं पाहून ओठ हलवले. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. एकमेकांना जय भीम म्हणून म्हणून सगळ्यांचे घसे बसले होते. कोणीतरी म्हणालं, लहानू, आज तं वाजवलीच पाहिजे. लहानूनं मेंडोलिन आणली, भिंतीशी टेकवली, चार पावलं मागं सरला, आणि वाकला. "जोहार मायबाप."

कोणी हसलं नाही, कोणी टोकलं नाही. पंचफुलाला तर त्यात काही वावगं वाटलंही नव्हतं, बापाचा चेहरा दिसेपर्यंत. त्या चेहऱ्याचं रक्त उतरलं होतं. तो तसाच अर्धा वाकलेला उभा होता, कुणी पाठीत मारल्यासारखा. त्यानं त्या संध्याकाळी वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्यानं अंगणात आरी आणली. "पंचे, घट्ट धर. हालू देऊ नको." पंचफुलानं मेंडोलिनचं पोट मांडीवर दाबून धरलं आणि लहानूनं पगडीवालं डोकं मानेपासून कापून काढलं. ते त्यानं न्हाणीच्या चुलीत घातलं. त्यावर पाणी तापलं आणि घरातल्या सगळ्यांनी आंघोळी केल्या. पंचफुलाला त्या आंघोळीइतकी दुसरी कुठलीच आंघोळ आठवत नाही. मग गिरणीतल्या भंगारात गेलेल्या मागाचं लाकूड आणून लहानूनं पाटीची मुंडी बसवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण लहानूचा भाऊ धोंडबा अजून मारोतरावाच्याच वावरात सालदार म्हणून वर्षाच्या बोलीनं राबत होता. त्याच्यावर राग निघू नये म्हणून लहानूनं गावाकडं निरोप धाडला, आणि गिरणीतही तेच सांगितलं, की मेंडोलिन पडली न् मोडली. धोंडबा पुढं वारला, मारोतराव वारला, पण ते "पडली न् मोडली" मात्र काही मेलं नाही. गिरणीतले वाजवणारे हळहळायचे, अरे, एवढी चीज मातीत घातली, आता हिला कोण विचारतो. ऐकून ऐकून लहानूलाच ते पटत गेलं. वाद्याचा आवाज आपण मारला, असं त्यानं मनाशी धरलं आणि वाजवणं सोडलं. पंचफुलाला शिकवलं, पण स्वतः हात लावला नाही. बापाचा जो दिवस पंचफुलाला सगळ्यात मोठा वाटायचा, तो बाप चुकीत जमा करून बसला होता, आणि हे तिला नवऱ्यापेक्षाही जास्त छळायचं.

शेठचा निरोप ऐकून मनकर्णा तर हुरळूनच गेली. "मुंडीच तं हाये वं! का पोरीचा हात मागून राहिला तो?"

"कोनाची मुंडी हाये, ते नाही इचारलं माय तुनं."

लहानू खाटेवर बसून होता. त्यानं ऐकलं, तंबाखू मळली आणि तोंडात टाकली. मग म्हणाला, "बसवू दे."

"बा!"

"तवा रक्त गरम होतं, पंचे. नास केला म्या एका चांगल्या चीजेचा. तुले खुर्ची भेटून राहिली, पगार भेटून राहिला. मारोतराव मेला. आता जोहार कोन करते अन् कोनाले करते? लाकडाचं डोकं हाये ते."

"लाकडाचंच होतं तवाबी."

"तिचा आवाज गेला त्या दिवसापासून."

"नाही गेला! शेठनं माह्यासमोर वाजवून पाह्यली. म्हणे आवाजात खोट नाही. तुमी लावलेल्या लाकडानं सूर टिकते म्हणे."

लहानूनं तिच्याकडं पाहिलं. त्याला ते खरं वाटावं असं वाटत होतं, हे तिला दिसलं, आणि तो ते खरं मानणार नाही हेही दिसलं. "तू माहं मन राखून राहिली," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

पंचफुला इतकी चिडली की जेवली नाही. मनकर्णा म्हणाली, न जेवल्यानं मुंडी येत नाही न् जात नाही. पंचफुला म्हणाली, जात तं नाहीच, येऊन राहिली हेच तं दुखून राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती शिवणवर्गातून परतली तर भिंतीवरची खुंटी रिकामी. लहानू दाराशी बसला होता. तिनं काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "तुही माय घेऊन गेली शेठकडं. म्या पाठवली."

"अन् तुमी नाही गेले?"

"मी कशाले?"

"काहून नाही गेले, सांगू?" पंचफुलाचा आवाज शेजारच्या दोन दारांत पोचला, पोचू दे. "त्याचं तोंड पाहायची हिंमत नाही तुमची. तुमी आरी चालवली तवा म्या धरली होती. माह्या मांडीवर भुसा पडला त्याचा. अन् आता मले न इचारता जोडायले धाडली? जोडाची असन तं चला. तिथं उभं राहून सांगा सगळ्यायले, पडली न् मोडली म्हणून. माह्या तोंडावर सांगा. मंग बसवू द्या, मी चकार शब्द बोलली तं नाव बदला."

ती सायकल काढून उभी राहिली. म्हाताऱ्या बापाला कॅरिअरवर बसवून लेक बर्डीकडं निघाली, हे पाहून वस्तीतली पोरं मागं धावली. पंचफुलानं कुणाकडं पाहिलं नाही. लहानू फक्त वळणावर तिच्या खांद्याला धरायचा.

दुकानात मिस्त्रीनं तारा उतरवून ठेवल्या होत्या. मेंडोलिन बाकावर आडवी होती, पाटीच्या खाली मानेवर पेन्सिलची रेघ ओढलेली, आणि मिस्त्री आरीच्या पात्यावर तेल फिरवत होता. मनकर्णा स्टुलावर पान चघळत बसली होती. पंचफुलानं सरळ जाऊन त्या रेघेवर पंजा ठेवला.

"हात काढा, बाई," मिस्त्री म्हणाला.

"चालव. आधी बोटं कापल्या जातीन, मंग लाकूड."

"अवं, येडी झाली काय?" मनकर्णा ओरडली.

शेठ काउंटरच्या मागून धावत आला. "पंचफुलाबाई, तुमच्या वडिलांची मंजुरी आहे. मी काय जबरदस्ती करून राहिलो का?"

"मंजुरी हाये ना? मंग त्यायलेच इचारा. उभे हायेत दारात."

लहानू खरंच दारातच उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. शेठचा चेहरा खुलला. "या, या, लहानूजी! तुम्हीच समजावा हिले." आणि लहानूला उमेद यावी म्हणून, अगदी भल्या मनानं, त्यानं ते सोडवून ठेवलेलं कोरीव डोकं उचललं आणि काउंटरवर लहानूकडं तोंड करून उभं केलं. "पाहा, ओळखलं का? पडून मोडली होती ना तुमची? नशीब पाहा, इतक्या वर्षांनं जोडी जमून राहिली."

पगडी, मिशा, ते अर्धे मिटलेले डोळे. लहानूनं पाहिलं. त्याचा दुसरा पायही आत आला. आणि पंचफुलाच्या डोळ्यांदेखत त्याची मान खाली गेली, खांदे पुढं आले, पाठ वाकू लागली.

तिला ओरडावंसं वाटलं. बा, नका! एवढं म्हटलं असतं तरी तो थांबला असता. पण मग थांबवलं तिनं असतं. आज हा माणूस पुरता वाकला, तर या मानेवर कुठली मुंडी बसते याला काही अर्थ उरणार नव्हता. मग तिनं हात काढून घेतला असता, मिस्त्रीला म्हटलं असतं, चालव बाबा. तिनं दात ओठावर दाबले. हात मात्र रेघेवरून काढला नाही.

लहानू अर्ध्यावर थांबला. त्याला स्वतःची पाठ उमगली, जशी त्या संध्याकाळी ओट्यावर उमगली होती. त्यानं एक हात काउंटरवर टेकवला आणि उठू लागला. गिरणीत झिजलेली पाठ ती, तिला सरळ व्हायला वेळ लागला. मनकर्णाचं चघळणं थांबलं. लहानू सरळ झाला, पुरता, आणि त्या डोक्याच्या वरून त्यानं शेठकडं पाहिलं.

"पडली नाही, शेठ."

"मतलब?"

"पडली नाही, मोडली नाही. म्या कापली. आरीनं, दिवसाढवळ्या. ह्या माह्या पोरीनं धरली अन् म्या कापली. चुलीत घातली अन् त्या पान्यानं आंगोळ केली."

शेठचं तोंड उघडंच राहिलं. "अरे, पर काहून? अशी चीज! किंमत माहीत होती का तुम्हाले?"

"माहीत होती. मीच देत होतो ना ते किंमत, रोज. तिले हात लावाच्या आधी वाकून."

"ते जुनं झालं, लहानूजी," शेठ समजुतीनं म्हणाला. "आता कोन वाकायले सांगते तुम्हाले? ही शोभेची वस्तू आहे."

"आत्ता वाकत होतो मी. तुमच्या डोळ्यापुढं. कोनी सांगतलं होतं?"

पंचफुलाचे डोळे भरून आले, आणि भरले तर भरले, तिनं पुसले नाहीत. तिनं बाकावरून मेंडोलिन उचलली, सुट्या तारा खोळीत कोंबल्या आणि म्हणाली, "खुर्ची ठेवा तुमची, शेठ. दुसऱ्या कोनाले द्या."

शेठ वाईट माणूस नव्हता, पण दुकानदार होता, आणि दुकानदाराला सौदा उठून जाताना पाहवत नाही. तो दारापर्यंत मागं आला. "लहानूजी, डोकं थंड करा. पोरीच्या भविष्याचा सवाल आहे. माझा मिस्त्री अशी बसवन, का तुम्हाले स्वतःले जोड सापडनार नाही."

लहानू पायरीवर वळला. पंचफुलानं त्याला इतकं ताठ कधी पाहिलं नव्हतं.

"बसवा ना," तो म्हणाला. "आरी अजून घरी हाये माह्या. पुन्हा बसवसान, तं पुन्हा कापीन."